भिंतीची टोकं

"मॅडम, भिंत सरकली. मी फक्त स्प्लिट मारून टाइप बदलला, बाकी कशाला हात लावला नाही."

शेजारच्या टेबलावरची ज्युनिअर अगदी खरं सांगत होती. दुपारचे चार वाजले होते आणि टिपिकल मजल्याची ड्रॉइंग सहाच्या आत साइटवर पोचायला हवी होती. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. पडद्यावर तीन बेडरूमच्या फ्लॅटचा प्लॅन होता. मास्टर बेडरूमच्या एका अंगाला ४.२ मीटर लांबीची सलग भिंत. तिच्या पलीकडे २.४ मीटर पॅसेज आणि उरलेलं १.८ मीटर टॉयलेट. पॅसेज आणि टॉयलेट यांच्यामधली आडवी भिंत या लांब भिंतीवर काटकोनात येऊन टेकते. टॉयलेटचं दार बेडरूममध्ये उघडतं, आडव्या भिंतीपासून १०० मिलिमीटर सोडून.

सकाळी प्लंबिंगवाल्यांचा निरोप आला होता. बेसिनचा वेस्ट पाइप भिंतीत दडवायचा आहे, १०० मिलिमीटरच्या ब्लॉकमध्ये झिरी मारली तर भिंतीत काही उरणार नाही. जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून खोल झिरी घेऊ नये हा आमचा नेहमीचा आडाखा. १०० च्या ब्लॉकमध्ये ते ३३ मिलिमीटर होतात, १५० मध्ये ५०. म्हणून टॉयलेटच्या अंगाचा १.८ मीटरचा भाग १५० चा करायचा ठरला. उरलेली भिंत आहे तशी.

काम ऐकायला दोन मिनिटांचं. एस एल दाबायचं, छोट्या सुरीसारखा कर्सर भिंतीवर न्यायचा, क्लिक करायचं, भिंतीचे दोन तुकडे होतात. एका तुकड्याचा टाइप बदलायचा. तिने नेमकं तेच केलं होतं. आता बेडरूमच्या बाजूला भिंतीत २५ मिलिमीटरची पायरी उभी होती. आडवी भिंत मिळते तिथे एक काळी खाच दिसत होती, टोकाशी प्लास्टरची रेघ तुटली होती. खाली कोपऱ्यात वॉर्निंग होती की दार जोडलेल्या भिंतीच्या आड येतंय.

तिला वाटलं, सॉफ्टवेअर बिघडलं. मलाही सुरुवातीच्या वर्षांत असंच वाटायचं. फाइल बंद करायची, पुन्हा उघडायची, भिंत पुसून नव्याने काढायची. कधी जमायचं, कधी नाही, आणि जमलं तरी का जमलं ते कळायचं नाही. मॉडेलमधली भिंत तोडली की नेमकं काय काय घडतं, हे मी बऱ्याच उशिरा नीट बसून पाहिलं. ते पाहिल्यापासून या चुका मला चुका वाटत नाहीत. आपण न दिलेल्या उत्तरांच्या जागी सॉफ्टवेअरने स्वतःची उत्तरं भरलेली असतात, एवढंच.

याचं मूळ जरा मागे आहे. ऑटोकॅड १९८२ साली आलं, आणि आमच्या आधीची अख्खी पिढी त्यावर वाढली. तिथे भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. रेघ तोडली की रेघ तुटते, बाकी कागद जिथल्या तिथे राहतो. आम्ही वापरतो त्या रेव्हिटची कल्पनाच वेगळी. १९९७ मध्ये लिओनिड राइझ आणि अर्विन युंगराइस यांनी चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर नावाची कंपनी काढली. यंत्रांच्या सुट्या भागांच्या डिझाइनमध्ये वापरलं जाणारं नात्यांचं गणित त्यांना इमारतीत आणायचं होतं. एक माप बदललं की त्याच्याशी बांधलेली सगळी मापं आपोआप बदलावीत. २००० मध्ये पहिली आवृत्ती आली, २००२ मध्ये ऑटोडेस्कने कंपनी विकत घेतली. इथे भिंतीला माहीत असतं की ती भिंत आहे. तिला शेजारी असतात, पोटात थर असतात, अंगावर दारं-खिडक्या असतात. तिच्या एका टोकाला धक्का लागला की ती शेजाऱ्याकडे वळून पाहते. रेघांच्या सवयीने या भिंतीला कापायला गेलं की हात हमखास चुकतो.

मी आधी टी एल दाबून बारीक रेघा चालू केल्या. ही सवय मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी लावते. प्लॅनमध्ये भिंतीच्या रेघा छापील जाडीने दिसत असतात तेव्हा दोन-तीन मिलिमीटरची फट त्या जाडीतच गडप होते. बारीक रेघा चालू केल्या की खाच कुठून सुरू होते, कुठे संपते ते दिसतं. मग बाकी सगळं तात्पुरतं लपवून त्या तीनच भिंती पडद्यावर ठेवल्या.

पायरीचं उत्तर लगेच मिळालं. रेव्हिटमध्ये प्रत्येक भिंतीला एक न दिसणारी रेघ असते, तिला लोकेशन लाइन म्हणतात. भिंतीची जाडी बदलली की ही रेघ जागेवर राहते आणि भिंतीचे पृष्ठभाग तिच्यापासून आत-बाहेर होतात. ही रेघ कुठे असावी याचे सहा पर्याय आहेत: भिंतीचा मध्य, गाभ्याचा मध्य, गाभ्याचे दोन पृष्ठभाग आणि प्लास्टरसकट तयार भिंतीचे दोन पृष्ठभाग. आमची भिंत मध्यरेषेवर काढलेली होती. १०० चा ब्लॉक आणि दोन्ही अंगांना १२ मिलिमीटर प्लास्टर मिळून १२४, आणि नवी भिंत १७४. फरक ५० चा. मध्य हलला नाही, म्हणून २५ बेडरूममध्ये आणि २५ टॉयलेटमध्ये. सॉफ्टवेअरने भिंत सरकवली नव्हती. भिंतीचा मध्य जिथल्या तिथे होता. आम्हाला मात्र मध्य नको होता, बेडरूमचा पृष्ठभाग जागेवर हवा होता. सगळी जास्तीची जाडी टॉयलेटच्या अंगाला जायला हवी होती, कारण बेडरूमच्या त्या भिंतीला सलग टेकणारं फर्निचर आर्किटेक्टने आधीच काढून ठेवलं होतं.

२५ मिलिमीटर म्हणजे अंगठ्याच्या रुंदीहून थोडं जास्त. पण खोलीची रुंदी ३.०५ मीटर असताना १.८ मीटर लांबीवर तेवढं खाल्लं की खोलीचं क्षेत्रफळ ०.०४५ चौरस मीटरने घटतं. अर्ध्या चौरस फुटाला जरा कमी. ज्युनिअर एकदम घाबरली, "मॅडम, कार्पेट एरिया बदलला?" कार्पेट बदललेला नव्हता, आणि का बदललेला नव्हता ते तिने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटलं. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरतात. वगळतात ती बाहेरच्या भिंतींची, सर्व्हिस शाफ्टची आणि स्वतंत्र बाल्कनी किंवा गच्चीची जागा. त्यामुळे आतली भिंत जाड झाली की खोली लहान होते, पण कार्पेटचा आकडा तोच राहतो. हीच चूक बाहेरच्या भिंतीवर झाली असती, तर तो आकडाही हलला असता आणि प्रत्येक मजल्यावर हलला असता. करारनाम्यात आणि महारेराच्या नोंदीत तो आकडा लिहिलेला असतो. कुणीतरी आयुष्याची कमाई त्या आकड्यावर लावलेली असते. म्हणून भिंत कोणत्या रेघेवर उभी आहे हे मी तिला आधी पाहायला लावते, तोडणं त्यानंतर.

लोकेशन लाइनची आणखी एक खोड आहे. भिंत निवडून स्पेसबार दाबला की तिच्या आतली-बाहेरची बाजू उलटते. मध्यरेषेवरची भिंत उलटली तर वरकरणी काहीच फरक दिसत नाही, फक्त पोटातले थर अदलाबदल होतात. पण रेघ पृष्ठभागावर असेल तर भिंत त्या रेघेभोवती पान उलटावं तशी उलटते, आणि १७४ मिलिमीटरची अख्खी भिंत शेजारच्या खोलीत जाऊन बसते. म्हणून पृष्ठभागावरची रेघ ठरवताना आधी भिंत निवडून तिचे उलटे-सुलटे बाण कुठल्या अंगाला दिसतात ते बघायचं. बाण दिसतात ती सॉफ्टवेअरच्या लेखी बाहेरची बाजू. आतल्या पार्टिशनला खरी बाहेरची बाजू नसतेच, पण सॉफ्टवेअरला एक लागते आणि ती भिंत कुठल्या दिशेने ओढत काढली त्यावर ठरते.

पायरी समजली. खाच मात्र वेगळ्या जातीची होती.

मी ज्युनिअरला विचारलं, "तोडण्याआधी या ठिकाणी किती टोकं होती?" तिने थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक. आडव्या भिंतीचं." बरोबर. लांब भिंत तिथून सरळ जात होती, तिच्या पोटावर आडवी भिंत येऊन टेकत होती. "आणि आता?" आता तीन. पॅसेजकडच्या तुकड्याचं, टॉयलेटकडच्या तुकड्याचं आणि आडव्या भिंतीचं. तिने आडव्या भिंतीच्या बरोब्बर मध्यावर सुरी चालवली होती, कारण कर्सर तिथेच जाऊन चिकटतो. हाताला ती जागा नैसर्गिक वाटते. पण तीन टोकं एका जागी आली की कुणीतरी सरळ जायचं आणि कुणीतरी थांबायचं. कोण सरळ जाणार, हे आपण सांगितलं नाही की सॉफ्टवेअर ठरवतं. शिवाय टाइप बदलून दोन तुकड्यांची जाडी वेगळी झालेली, म्हणजे ते एकमेकांत बेमालूम मिसळू शकत नाहीत. एकाच टाइपचे दोन तुकडे टोकाला टोक लागून असते तर मधली रेघसुद्धा दिसली नसती. भिंत दोन तुकड्यांची आहे हे तिच्यावर कर्सर नेल्यावरच कळलं असतं.

वॉल जॉइन्सचं हत्यार घेऊन त्या सांध्यावर गेलं की भोवती चौकोन उमटतो. मग पुढचा-मागचा पर्याय फिरवत राहायचं. कधी एक भिंत आरपार जाते आणि बाकीच्या तिच्या अंगावर थांबतात, त्याला बट म्हणतात. कधी दोन्ही टोकं फोटोफ्रेमच्या कोपऱ्यासारखी तिरपी कापली जातात, तो मायटर. बरेच जण इथेच थांबतात: फिरवत राहतात आणि बरं दिसलं की पुढे जातात. मी ते करू देत नाही. आज बरं दिसलेलं उद्या कुणी शेजारची भिंत हलवली की पुन्हा ठरवलं जातं, आणि मग पुन्हा खाच येते.

प्लास्टरची रेघ तुटण्याचं कारण थरांमध्ये होतं. भिंतीच्या प्रत्येक थराला एक काम नेमून दिलेलं असतं आणि कामाबरोबर एक क्रमांक येतो. गाभ्याचा १, त्याच्या लगतच्या आधारथराचा २, उष्णता किंवा हवा अडवणाऱ्याचा ३, फिनिशचे ४ आणि ५. सांध्यात कमी क्रमांकाचा थर जास्त क्रमांकाच्या थरांना भेदून जातो. म्हणून आडव्या भिंतीचा ब्लॉक लांब भिंतीचं प्लास्टर कापत तिच्या ब्लॉकपर्यंत पोचतो, साइटवर होतं तसंच. पण प्लास्टर प्लास्टरला मिळायला दोघांचा क्रमांक एकच हवा. आमच्या १०० च्या टाइपमध्ये प्लास्टरला ४ होता. १५० चा टाइप दुसऱ्या एका प्रोजेक्टमधून उचललेला, तिथे कुणीतरी ५ दिलेला. दोन्हीकडे पदार्थ तोच, जाडी तीच, रंग तोच. तरीही तुटक, आणि डोळ्यांनी शोधू म्हटलं तर तासभर सापडणार नाही. टाइपच्या तक्त्यात जाऊन क्रमांक वाचला की एका मिनिटात सापडतं. आर्किकॅडमध्येही २०१३ च्या सतराव्या आवृत्तीपासून सांधे असेच पदार्थाच्या अग्रक्रमाने सोडवले जातात. हत्यार कुठलंही घ्या, सांध्यात कोण कुणाला भेदून जातं हा प्रश्न बांधकामाचाच आहे.

दाराची वॉर्निंग याच गोंधळातून आली होती. सांधा मिटवायला सॉफ्टवेअरने एका भिंतीचं टोक पुढे ओढलं आणि ते दाराच्या १०० मिलिमीटरच्या मोकळ्या पट्टीत घुसलं. या वॉर्निंगकडे लोक काणाडोळा करतात, कारण ती आली तरी मॉडेल चालतं. माझं म्हणणं उलट आहे. ही वॉर्निंग दाराबद्दल नसतेच. शेजारचा सांधा बिघडलाय हे ती सांगते, आणि दार सरकवून ती घालवली तर आजार तसाच राहून लक्षण तेवढं जातं.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. कंट्रोल झेड मारत भिंत अखंड होती तिथवर मागे गेलो. आधी अखंड भिंतीचीच लोकेशन लाइन बेडरूमच्या तयार पृष्ठभागावर नेली. नुसती लोकेशन लाइन बदलली की भिंत हलत नाही, फक्त पुढच्या बदलांचा खिळा दुसरीकडे ठोकला जातो. तोडायच्या आधी हे केलं की दोन्ही तुकडे तीच रेघ घेऊन जन्माला येतात. १५० च्या टाइपमधला प्लास्टरचा क्रमांक ४ केला. त्यानंतर सुरी.

कुठे तोडायचं, यावर आम्ही दहा मिनिटं घालवली आणि ती दहा मिनिटं मला त्या दिवसातली सगळ्यात मोलाची वाटतात. आडव्या भिंतीच्या मध्यावर नको, कारण तिथे तीन टोकं भिडतात. मध्यापासून ५० मिलिमीटर पॅसेजच्या अंगाला, म्हणजे आडव्या भिंतीच्या ब्लॉकचा पॅसेजकडचा पृष्ठभाग येतो तिथे तोडायचं. मग आडवी भिंत पूर्णपणे टॉयलेटकडच्या जाड तुकड्याच्या पोटावर टेकते. तिच्यापुरता सांधा पुन्हा साधा, एका टोकाचा होतो. जाडीतला ५० चा फरक आडव्या भिंतीच्या आडोशाला जातो, त्यामुळे पॅसेजमधून पाहणाऱ्याला पायरी दिसत नाही. बेडरूमकडून तर दिसतच नाही, कारण तो पृष्ठभाग एकाच रेघेवर आहे.

तुकडे झाल्यावर समोरासमोरच्या दोन टोकांवरच्या निळ्या ठिपक्यांवर राइट क्लिक करून जोडणी बंद केली. त्यासाठी डिसअलाउ जॉइन असा पर्याय असतो. जोडणी बंद केली की टोक शेजाऱ्याचा विचार सोडून आपल्या मूळ बिंदूवर येऊन थांबतं, तेव्हा कधी ते ओढून जागेवर बसवावं लागतं. ठिपक्यापाशी टी अक्षरासारखी छोटी खूण राहते, तिच्यावर क्लिक केलं की जोडणी परत सुरू. शेवटी जॉइन जॉमेट्रीने दोन्ही तुकडे एकमेकांना जोडले आणि बेडरूमकडची प्लास्टरची रेघ सलग झाली. टाइप बदलला. सगळे थर शांतपणे टॉयलेटच्या दिशेने सरकले. वॉर्निंग गेली.

एक गोष्ट उरली. जाड तुकड्याची जी ५० मिलिमीटरची कड पॅसेजच्या कोपऱ्यात येते, तिच्यावर मॉडेलमध्ये प्लास्टर नव्हतं. मजल्याच्या उंचीला ते जेमतेम ०.१४ चौरस मीटर भरतं. टोकाला प्लास्टर वळवण्याची सोय टाइपमध्ये असते, पण ते वळण दोन तुकड्यांच्या मधल्या फटीतही शिरलं असतं. मी ती कड तशीच सोडली आणि क्वांटिटीच्या टिपेत लिहून ठेवलं. मॉडेलमध्ये सगळं बसवण्याच्या हट्टापायी सांधा पुन्हा बिघडवण्यात अर्थ नव्हता.

पावणेसहाला ड्रॉइंग गेली. ज्युनिअर टॉयलेटच्या आतून त्रिमितीत एक फेरी मारून आली आणि म्हणाली की दाराच्या जागी टाइल्सची भिंत सलग उभी आहे. आमच्याकडे टाइल्स वेगळ्या पातळ भिंती म्हणून काढतात. दाराचं भोक त्यांच्यातूनही जावं म्हणून त्या मूळ भिंतीला जोडून ठेवाव्या लागतात. दार आता टॉयलेटकडच्या तुकड्याच्या अंगावर होतं, म्हणून टाइल्सची भिंतही त्याच तुकड्याला जोडलेली हवी. एक जोडणी केली, भोक पडलं. तोडलेल्या भिंतीवरची दारं आणि खिडक्या नंतर एकदा मोजाव्यात, आणि दोन्ही बाजूंनी मोजाव्यात, हे मी तेव्हापासून तपासणीत घातलं.

दुसऱ्या दिवशी क्वांटिटीवाल्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याच्या तक्त्यात एक भिंत ४.२ मीटरवरून आखडली होती आणि एक अनोळखी भिंत उगवली होती. स्प्लिट केल्यावर एका तुकड्याकडे जुना आयडी राहतो, दुसऱ्याला नवा मिळतो. आपल्या डोळ्यांना दोघं सख्खी भावंडं दिसतात, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एक जुनी भिंत आहे आणि एक आजच जन्मलेली. जुन्या भिंतीवर लिहिलेली निरीक्षणं आणि क्लॅश तपासणीतले शेरे जुन्या आयडीलाच चिकटून राहतात. आयएफसी फाइल काढली तरी तेच. तिथे प्रत्येक घटकाला २२ अक्षरांची ओळख असते, आणि नव्या तुकड्याला तीही नवी मिळते. कुठली भिंत कधी तोडली याची दोन ओळींची नोंद ठेवली तर हा फोन येत नाही. आम्ही ठेवली नव्हती.

उलट दिशेचं कामही मधूनमधून येतं. तोडलेली भिंत परत एक करायची. नवीन माणूस एक तुकडा पुसतो आणि दुसरा ताणतो, आणि पुसलेल्या तुकड्यावरची दारं-खिडक्या त्याच्याबरोबर जातात. टाइप एकच असेल आणि दोन्ही तुकडे खरोखर एका रेषेत असतील, तर कोपरा जुळवायचं ट्रिम हत्यार दोघांवर क्लिक केलं की ते एक होतात. खरोखर एका रेषेत, यावर मी जोर देते. आर्किटेक्टच्या कॅड फाइलवरून गिरवलेल्या भिंती कधी अंशाच्या शंभराव्या भागाने कललेल्या असतात. भिंत अक्षापासून किंचित ढळली आहे अशी वॉर्निंग येते आणि लोक ती बंद करून टाकतात. ४.२ मीटरच्या भिंतीला ०.०५ अंशाचा कल असेल तर टोकाला ३.७ मिलिमीटरचा फरक पडतो. अशी भिंत तोडली आणि एकच तुकडा ग्रिडला सरळ करून घेतला की सांध्यात केसाएवढा त्रिकोण उरतो. मागे एका प्रोजेक्टमध्ये तसला त्रिकोण शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. मी टोकं पाहत होते, जॉइन पाहत होते. कोन पाहायचं सुचलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

त्यानंतर अकराव्या दिवशी मी साइटवर गेले. सातव्या मजल्यावर ब्लॉकचं काम चालू होतं. आमच्याच त्या भिंतीपाशी जतकडचे एक मिस्त्री दोन थर लावून थांबले होते. हातात आमच्या ड्रॉइंगची घडी.

"मॅडम, ह्यो जाडीचा सांधा खालपासनं वरपत्तूर सरळच घ्यायचा का?"

मी म्हटलं, "ड्रॉइंगमध्ये तसाच दिसतोय ना?"

"दिसतोय. पर सरळ घेतला तर प्लास्टर उलणार बघा. पावसाळा न्हाई काढणार."

एवढा विचार मी केला नव्हता. मॉडेलमधली सुरी भिंत कापते ती जमिनीपासून बीमपर्यंत एका सपाट प्रतलात. पडद्यावर तीच सगळ्यात स्वच्छ रेघ. पण वीटकामात असा उभा सलग सांधा कुणी शहाणा माणूस ठेवत नाही. सांधमोड करतात, एका थराचा सांधा पुढच्या थराच्या ब्लॉकखाली दाबतात. मी जिथे दहा मिनिटं विचार करून तोडलं होतं, तिथे मी नकळत एक तडा आखून दिला होता. जॉइन जॉमेट्रीने पडद्यावर प्लास्टर सलग झालं, पण आतले ब्लॉक एकमेकांना धरून नव्हते.

मिस्त्रींनी उत्तर तयारच ठेवलं होतं. त्यांनी १५० चा एक ब्लॉक आडवा ठेवला, २०० उंच. टोकाकडचा २०० मिलिमीटरचा भाग पेन्सिलीने आखला आणि करवत घेतली. एएसी ब्लॉक लाकडासारखा कापता येतो, पांढरी भुकटी पायावर पडत राहते. आखलेल्या भागातून त्यांनी ५० मिलिमीटर जाडी काढून टाकली. उरला एल अक्षरासारखा तुकडा, एका अंगाला १५० आणि दुसऱ्या अंगाला १००. तो त्यांनी तिसऱ्या थरात असा बसवला की कापलेलं टोक पॅसेजकडच्या पातळ भिंतीत जाऊन बसलं. चौथा थर साधा, पाचव्यात पुन्हा एल. दोन्ही जाडींच्या ब्लॉकची उंची सारखीच असल्यामुळे ते जमत होतं. "वरनं चिकन मेश मारा म्हणून प्लास्टरवाल्याला सांगा," एवढंच ते म्हणाले.

मॉडेलमध्ये आम्ही सरळ सांधा तसाच ठेवला. प्रत्येक थराला भिंत तोडत बसलो असतो तर एका जागी टोकांचा बाजार भरला असता. त्याऐवजी शेजारी एक छोटं तपशिलाचं चित्र काढलं: एकाआड एक थर, एल ब्लॉकची मापं, दोन्ही अंगांना चिकन मेश. ते चित्र जाडी बदलणाऱ्या प्रत्येक सांध्याला टॅगने जोडलं. टिपिकल मजल्यावर असे सहा सांधे निघाले. बाकीच्या पाच ठिकाणी आमची सुरी अजून आडव्या भिंतीच्या मध्यावरच होती.

मी निघेपर्यंत पाच थर झाले होते. मिस्त्रींच्या जोडीदाराने बेडरूमच्या अंगाला दोरी ताणली, एक टोक कॉलमपाशी, दुसरं दाराच्या चौकटीपाशी. मिस्त्री वाकले, एक डोळा मिटून दोरीवरून पाहिलं, एका एल ब्लॉकला थापीच्या मुठीने हलकेच ठोकलं आणि पुन्हा पाहिलं. शंभरच्या आणि दीडशेच्या ब्लॉकवरून दोरी एका सुतात गेली होती.